होळीनंतर न उतरलेली रेषा

एक

झरीमाळ गावच्या तिसऱ्या लेकराला मातीआड करून माणसे डोंगर चढून घरी परतली. त्याच दुपारी डोंगरपायथ्याच्या आरोग्य कार्यालयात असे निष्पन्न झाले, की ज्या एका कागदामुळे कदाचित ती तिन्ही मुले वाचली असती, तो कागद कार्यालयात कोठेच नाही.

कागद झरीमाळच्या परिचारिकेचा होता. तिचे नाव रूथ. नवापूरकडच्या एका शेतकरी ख्रिस्ती घरातील ही बाई सहा वर्षांपासून त्या डोंगरात एकटी राहून सेवा करीत होती. तिचे म्हणणे असे : होळीच्या आठ दिवस आधी गावात गोवराची सात मुले तिला आढळली आणि तसा अहवाल तिने पाकिटातून खाली पाठविला. कार्यालयाचे म्हणणे असे : तिचा पहिला अहवाल आला तो होळीनंतर बारा दिवसांनी, एक मूल दगावल्यावर. मधल्या वीस दिवसांत पथक गेले नाही, लस गेली नाही, औषध गेले नाही. ह्या वीस दिवसांचे पाप कोणाच्या तरी माथी मारावयाचे होते, आणि रूथच्या निलंबनाचा आदेश टंकून तयार होता. सोमवारी सुनावणी, आणि त्यानंतर सही.

चौकशी अधिकारी चारुलता मॅडम न्यायाने वागणाऱ्या बाई होत्या. त्यांनी शुक्रवारी सकाळी नंदुरबारहून ललितला बोलावून घेतले.

ललित हा तापीकाठच्या सधन शेतकऱ्याचा मुलगा. जिल्ह्याच्या रोगसर्वेक्षणाच्या खोलीत बसून तो एक आगळेच काम करीत असे. माणूस डॉक्टरला सांगण्याआधी आपले दुखणे मोबाईलला सांगतो. कोण विचारतो ते कळत नाही, परंतु जिल्ह्यातून कोणता प्रश्न किती वेळा विचारला गेला ह्याची रेषा संगणकावर उमटते. त्या रेषेवरून लोकांच्या मनातील भीती ललित वाचीत असे. दोन वर्षांपूर्वी ‘डोळे पिवळे’ हा शब्द चढताना पाहून त्याने सपाटीवरच्या एका गावातील कावीळ दवाखान्याच्या चार दिवस आधी ओळखली होती. तेव्हापासून दर मंगळवारी त्याचे एकपानी टिपण सर्व कार्यालयांत जाई. नवरात्र, दिवाळी, होळी असे सणांचे शब्द आले, की चहाच्या गाळणीतील चोथ्यासारखे तो ते बाजूला काढी आणि उरलेले सांगे.

“ललित,” मॅडम म्हणाल्या, “माणसं खोटं बोलतात. तुझी रेषा कोणाच्या नात्यातली नाही. लोकांना हा आजार होळीआधी ठाऊक होता का, एवढंच मला सोमवारपर्यंत सांग. ठाऊक असेल, तर ती बाई खरं बोलते आहे.”

ललितने तेथल्या तेथे संगणक उघडला. ‘गोवर’, ‘अंगावर पुरळ’, ‘तापात दाणे’ हे शब्द एकेक करून घातले.

रेषा जमिनीला टेकलेली होती. त्या वीस दिवसांत त्यांपैकी काहीही कोणी विचारलेले नव्हते.

दोन

रेषा रूथच्या विरुद्ध बोलत होती. तरीही ललितचे मन स्वस्थ बसेना. मुले आजारी पडली आणि एकाही आईने मोबाईल हाती घेतला नाही, हे त्याला पटत नव्हते. कागदाचा माग काढावा, असे त्याने ठरविले. तो कागद तीन माणसांपाशी पोहोचला असता. पाकीट खाली आणणारा जीपवाला नथ्थू हा पहिला, कार्यालयाचे प्रमुख डॉक्टर दिग्विजय दुसरे आणि तेथलाच कारकून भटू तिसरा.

नथ्थू अक्कलकुव्याच्या फाट्यावर जीपच्या टपावर गोण्या बांधीत होता.

“माझ्यावर आळ आणाल तर जीभ हासडून देईन, पण खोटं नाही बोलणार,” तो दोरी दातांत धरून म्हणाला. “सिस्टरचं पाकीट मी काचेच्या वर, देवाच्या फोटोमागं खोचलं होतं. आजही आठवतं साहेब, कारण त्या दिवशी गुजरातकडून ऊसतोडीची माणसं होळीसाठी घरी येत होती. माझ्या गाडीत मुंगीला जागा नव्हती. पोरं तर अशी खोकत होती, की मी गाणी बंद केली.”

“पाकीट कोणाच्या हातात दिलंस?”

“डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. तिथली रीतच आहे ती. बंद पाकीट आधी साहेबांकडं, मग भटूकडं. विचारा की त्यांना! का जीपवालाच स्वस्त दिसतो?”

डॉक्टर दिग्विजय थकलेल्या चेहऱ्याचे, सभ्य गृहस्थ होते. बोलताना ते टेबलावरील पेने एका रांगेत लावीत राहिले.

“पाकिटं रोज वीस येतात,” ते म्हणाले. “मला त्या पाकिटाचं स्मरण नाही. तापाची फाईल मी स्वतः दोनदा चाळली. त्यात ते नाही.” मग म्हणाले, “बाळा, तुझं मंगळवारचं टिपण समोर घेतल्याशिवाय मी डोंगराचा एकही कागद उघडत नाही. तुझी रेषा काय म्हणते?”

“काही नाही म्हणते, सर.”

“मग काहीच नसेल,” डॉक्टर म्हणाले. परंतु त्यांनी मान वर केली नाही.

आपले टिपण इतक्या आदराने वाचले जाते हे ऐकून ललितला सुख वाटले, आणि त्या सुखाची लगेच लाजही वाटली. तो भटूच्या खोलीत गेला.

भटू आवक नोंदवही छातीशी धरून बसला होता. ललित खानदेशी आहे हे ठाऊक असल्याने तो घरच्याच बोलीत बोलला.

“मन्हं काम चोख शे, भाऊ. साहेब शेरा मारतस, कागद माले देतस. वरला कागद जे सांगस ते मी लिखस आनि त्याच फाईलमा लावस. खालचं वाचाले माले पगार नही!”

“त्या दिवशी झरीमाळचं काही आलं होतं का?”

भटूने पाने उलटली. “उनं व्हतं ना. हाई दख.”

नोंद स्वच्छ अक्षरात होती : *झरीमाळ. विषय : होळी.*

होळीच्या काळात डोंगरातून बंदोबस्ताचे, पाण्याच्या टँकरचे, प्रथमोपचाराच्या पेटीचे अर्ज येतच असतात. ललितने मान हलविली आणि वही परत दिली. उत्तर त्याच्या हातात येऊन गेले होते, हे त्याला त्या घटकेला कळले नाही.

तीन

शनिवारी नथ्थूच्याच जीपने तो झरीमाळला गेला. मोहाची फुले वेचण्याचे दिवस होते; झाडांखाली टोपल्या होत्या, मात्र त्यांभोवती मुलांचा कलकलाट नव्हता.

रूथ उपकेंद्राच्या पायरीवर बसली होती. तिची पेटी बांधून तयार होती.

“सिस्टर, तुम्ही नुसतं पाकिटावर का थांबलात?” ललितने विचारले. “फोन का नाही केला?”

“दोनदा केला, ललितभाऊ. वरच्या खडकावर चढून. होळीच्या सुट्टीत तिकडं कोणी उचलला नाही. आठ दिवस एकही जीप वर आली नाही, सगळ्या काठी गावच्या मोठ्या होळीला लागल्या होत्या. दोन मुलं मी झोळीत घालून सीमेपलीकडं, गुजरातच्या दवाखान्यात पाठवली, ती वाचली. बाकीच्यांचे आईबाप म्हणाले, पथक येणार आहे ना, सिस्टर? मीच सांगितलं होतं त्यांना, की येणार आहे. पहिली ज्यांची गेली, ते आता माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. म्हणतात, तू कागद पाठवलाच नाहीस. नोकरी गेली तर नवापूरला बापाच्या शेतात राबेन. पण ह्यांच्या मनात मी खोटी ठरले, तर जगून काय करू?”

“गावात कोणी मोबाईलला काही विचारलं नाही, असं माझी रेषा सांगते.”

रूथने प्रथमच त्याच्याकडे रोखून पाहिले. “कोणी विचारलं नाही? रोज त्या खडकावर आयांची रांग असायची! मंगळीबाईंनाच विचारा. पहिली गेली ती रोमली त्यांचीच मुलगी.”

मंगळीबाईचे घर टेकडीच्या टोकाला होते. ती दारात मोह वाळत घालीत होती. रूथला पाहून तिने तोंड फिरविले. ललितला मात्र खाट दिली.

“मावशी, रोमली आजारी पडली तेव्हा तुम्ही मोबाईलला काही विचारलं होतं का?”

“विचारलं ना. चार वेळा विचारलं. खडकावर तिला कडेवर घेऊन गेली. तिथेच नेटवर्क येते.”

“लिहून विचारलंत?”

मंगळीबाई हसली, ते हसणे पाहवत नव्हते. “आमाला लिहिता येते काय, भाऊ? तो माईक असतो ना, त्याला बोलायचं. आमची बोली त्याला नाय समजत. मग हिंदीत बोलली.”

“काय बोललात? गोवर म्हणालात?”

“गोवर काय असते?” तिने विचारले. “ते सिस्टर बोलते. आमी गुजरातमदी ऊस तोडत होतो, तिकडे पडावावर पोरांना अंगावर निघालं. तिकडचा डाक्टर बोलला, ओरी आहे. मग आमी सगळ्या बाया ओरीच बोलतो.”

ओरी. गुजरातीत गोवराला ओरी म्हणतात. सीमा त्या डोंगरावरून हाकेच्या अंतरावर होती, आणि ललितच्या यादीत तो शब्द नव्हता. त्याने जागच्या जागी नंदुरबारच्या सहकाऱ्याला फोन लावण्याचा प्रयत्न केला, परंतु नेटवर्क नव्हते. तिघेही खडकावर चढली. निरोप गेला, आणि उत्तर आले : *‘ओरी’ ह्या शब्दाचीही रेषा सपाट आहे.*

ललित खडकावर बसला. रांगेने उभ्या राहिलेल्या आयांचे सारे प्रश्न मग गेले तरी कोठे?

चार

“मावशी,” काही वेळाने तो म्हणाला, “त्या दिवशी बोललात तसंच पुन्हा बोलून दाखवाल?”

मंगळीबाईने पदराच्या गाठीतून मोबाईल काढला. काचेला तडा होता. माईकच्या खुणेवर बोट ठेवून, परक्याशी बोलावे तशा मोठ्या, सावकाश आवाजात ती म्हणाली, “ओरी कितने दिन रहती है?”

यंत्राने क्षणभर विचार केला आणि अक्षरे उमटली :

*होरी कितने दिन रहती है.*

आणि त्याखाली गुलालाने माखलेली माणसे, ढोल, मोरपिसांचे टोप घालून नाचणारे बुध्या अशी हलती चित्रे ओळीने धावत आली.

ललितच्या कानांत काहीतरी फुटल्यासारखे झाले. होरी! हिंदी गाण्यांत होळीला होरी म्हणतात, आणि यंत्राला ओरी ठाऊक नव्हती. आया विचारू लागल्या ते दिवस फाल्गुनाचे होते. त्याने आपल्या समजुतीने आईचा शब्द सणाचा करून टाकला होता.

आणि तो शब्द ललितने पाहिला होता. त्याला सारे प्रश्न एकामागून एक आठवले. *होरी कितने दिन रहती है.* त्याला वाटले, कोणी सणाचे दिवस मोजीत आहे. *होरी में नहलाना चाहिए क्या.* त्याला वाटले, होळीचा नवस पाळणारी माणसे आंघोळ करीत नाहीत, त्याविषयी कोणी विचारीत आहे. *होरी के बाद आँख लाल.* त्याला वाटले, रंग डोळ्यांत गेला असेल. प्रत्येक प्रश्नाला दोन तोंडे होती, आणि त्याला त्यांतले हसरे तेवढे दिसले होते.

“मला वाटलं, लोक होळीबद्दलच विचारतायत,” तो पुटपुटला.

मंगळीबाईने नवलाने त्याच्याकडे पाहिले. “होळीबद्दल? आमाला होळी मोबाईल शिकवणार काय? आमचा आजा, त्याचा आजा होळीत नाचला. आणि होरी कोण बोलते इथे? आमी होरी नाय बोलत.”

एवढी साधी गोष्ट. डोंगरातला माणूस होळी कशी करावी हे यंत्राला कशाला विचारील? हा प्रश्न सपाटीवरच्या ललितला पडला नव्हता.

त्याने सहकाऱ्याला दुसरा निरोप धाडला : ‘होरी’ ह्या शब्दाची रेषा पाठव. ती आली. दरवर्षी तो शब्द होळीला शिखरावर जाई आणि दुसऱ्या दिवशी पार खाली येई. यंदा तो होळीच्या दहा दिवस आधीच चढू लागला होता. होळी झाली, राख थंड झाली, तरी रेषा उतरली नव्हती. ती पुढे तीन आठवडे चढतच राहिली. आया विचारीतच राहिल्या होत्या.

“सिस्टर, तुम्ही खरं बोलत होता,” ललित म्हणाला. “गावाला होळीआधीच ठाऊक होतं.”

रूथच्या डोळ्यांत पाणी आले. “पण मग माझा कागद कुठं आहे, ललितभाऊ?”

तेव्हा त्याला भटूची नोंद आठवली : *झरीमाळ. विषय : होळी.* वरला कागद जे सांगेल तेच भटू लिहितो. मग वरला कागद कोणता होता?

उत्तर त्याला खडकावर बसल्या बसल्याच कळले.

पाच

रविवारी त्याने भटूला घरून उठवून आणले. कपाटातून गुलाबी पुठ्ठ्याची होळी बंदोबस्ताची फाईल निघाली. टँकर, पेट्या, रुग्णवाहिका ह्यांच्या कागदांनंतर एक पान आले. ते ललितचे मंगळवारचे टिपण होते.

*सातपुडा पट्टा : शोधांत वाढ दिसते, ती होळीसंबंधी आहे. विशेष नाही.*

खाली त्याची स्वतःची वळणदार सही होती. त्या टिपणाला मागून टाचणी टोचलेली होती, आणि टाचणीच्या मागे रूथचा अहवाल होता : *झरीमाळ. गोवरसदृश रुग्ण सात. पथक त्वरित पाठवावे.* तारीख होळीच्या आठ दिवस आधीची. कोपऱ्यात डॉक्टरांचा शेरा : *टिपण पाहिले. वाट पाहावी.*

“आरे देवा,” भटू हळूच म्हणाला. “वर तुन्हा कागद व्हता, भाऊ. म्हनीसन मी होळी लिखं.”

“चूक तुझी नाही, भटू.”

सोमवारी सुनावणीत चारुलता मॅडमपुढे ललितने गुलाबी फाईल ठेवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सारे क्रमाने सांगितले. डॉक्टर दिग्विजय उभे राहिले. त्यांची पेने आज खिशातच होती.

“पहिली मुलगी गेली त्या दिवशी मला तो कागद आठवला,” ते म्हणाले. “मी तापाची फाईल पाहिली. त्यात तो नव्हता. खरं सांगतो मॅडम, तो नाही म्हणून मला बरं वाटलं. मी दुसरी फाईल उघडली नाही. सिस्टरचं नाव पुढं आलं तेव्हाही नाही.”

मॅडमनी फाईल आपल्याकडे ओढून घेतली.

“अहवाल ज्या टिपणाखाली दबला,” मॅडमनी विचारले, “ते लिहिणाऱ्याचं नाव नोंदवायचं आहे.”

“ललित,” तो म्हणाला. “मीच.”

निलंबनाचा आदेश मॅडमनी उभा फाडला. दुसरे दोन टंकावयास सांगितले.

बाहेर रूथ कडुनिंबाखाली उभी होती. तिने त्याचे आभार मानले नाहीत आणि त्याला दोषही दिला नाही. ती एवढेच म्हणाली, “हे मंगळीबाईंना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर वाटेल, स्वतःला सोडवते आहे.”

सहा

दुसऱ्या दिवशी मंगळीबाई खडकावर भेटली. ललितने तिच्यापुढे उभे राहूनच सांगितले : सिस्टरने कागद वेळेत पाठविला होता. तुम्ही चार वेळा विचारले ते मला दिसले होते. मी ते सण समजून बाजूला काढले. माझ्या शब्दावर विसंबून डॉक्टर थांबले.

तिने सारे ऐकून घेतले. शिव्या दिल्या नाहीत. तिने वळून खाली उपकेंद्राकडे पाहिले. रूथ दारात बांधलेली पेटी सोडीत होती.

“सिस्टर खोटी नाय,” ती स्वतःशीच म्हणाली. “मी तिच्या हातचं पाणी टाकलं.” मग ती ललितकडे वळली. “तुमी शिकलेले आहे. ह्याला ओरी बोलाया शिकवा ना. दुसऱ्या बाईनं विचारलं तर?”

ललितने यादीत ‘ओरी’ आणि ‘होरी’ हे दोन्ही शब्द घालण्याची व्यवस्था त्याच सकाळी केली होती. परंतु तडा गेलेला तो मोबाईल त्याच्या यादीचा बांधील नव्हता. त्याने तो हातात घेतला आणि स्वच्छ, सावकाश उच्चारले, “ओरी.”

*होरी,* यंत्राने लिहिले.

तो पुन्हा म्हणाला. पुन्हा तेच. कितीतरी वेळा त्याने तो शब्द उच्चारला. प्रत्येक वेळी गुलाल उधळला गेला, ढोल वाजले, मोरपिसे डोलली.

“बंद करतो,” तो म्हणाला.

“नको.” मंगळीबाईने त्याचा हात धरला आणि मोबाईल आपल्याकडे घेतला. “चौथ्या वेळी विचारलं, तेव्हा हेच नाचणारे आले. रोमलीनं डोळे उघडले नि बघितलं. हसली ती. मग नाय हसली परत.”

ती खडकावर टेकली, मोबाईल गुडघ्यावर उभा धरला, आणि दुसरा हात कडेवर मूल असावे तसा वाकवून, नाच संपेपर्यंत पाहत राहिली.